फुरशांची हेल्वी

दूर उत्तरेच्या बर्फाळ जंगलातल्या कूसिवारा गावात सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीखाली फुरसं निघालं की लोक आधी हेल्वी पीरोइनेनला फोन करत आणि मग किंचाळत. क्रम महत्त्वाचा होता. किंचाळणाऱ्या माणसाशी हेल्वी बोलत नसे. "आधी श्वास घे, मग कुठे आहे ते सांग," एवढं म्हणून ती वाट पाही. पत्ता विचारायची तिला गरज नव्हती. गावात उरलेली घरं चौतीस, आणि प्रत्येक घराच्या कुठल्या पायरीला ऊन लागतं हे तिला त्या घरच्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

हे फुरसं कोकणातलं नव्हे. कुळ तेच, पण हे वर्षातले सहा-सात महिने गोठलेल्या जमिनीखाली झोपून काढणारं. लांबी हातभर, पाठीवर काळी नागमोडी रेघ, डोळे तांबडे. त्या अख्ख्या सूचिपर्णी जंगलात विषारी म्हणावा असा साप तेवढा एकच. बाकी मग मानेमागे पिवळे ठिपके असलेला दिवड, तोही क्वचित. तांब्याच्या रंगाची बिनपायाची सापसुरळी. आणि कुंपणावर ऊन खात बसणारे बोटभर सरडे. एवढाच तिथला सरपटणारा संसार. लोक मात्र लांब आणि हलणारं जे दिसेल त्याला फुरसं म्हणत. एकदा आर्वो सोर्मुनेनने पाण्याच्या रबरी नळीसाठी तिला बोलावलं होतं. ती गेली, नळी गुंडाळून ठेवली, कॉफी प्याली आणि परत आली. कुणाला काही बोलली नाही. आर्वोनेच सांगितलं म्हणून गावाला कळलं.

हा हुन्नर तिच्याकडे बापाकडून आला. बाप रस्त्याच्या कामावर होता. ती नऊ वर्षांची असताना त्याने तिच्या हातात फावडं दिलं आणि कड कुठे टेकवायची ते दाखवलं. "घाव एकच," तो म्हणाला. "दोन घाव घालणारा भ्यालेला असतो." हेल्वीने पुढे कधी दोन घाव घातले नाहीत. एकतीस वर्षं ती गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. शाळेत सहाच मुलं उरली तेव्हा शाळा बंद झाली. मग ती घरी बसून तेच पदार्थ दोन माणसांपुरते करू लागली. त्या सगळ्या वर्षांत कुणाचाही फोन आला की ती एप्रन काढायची, सायकलच्या दांडीला फावडं बांधायची आणि जायची. मोबदला म्हणजे कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव. पाव शिळा असेल तर ती तसं सांगत असे.

तिचा नवरा ओइवा लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा. रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. एकदा जंगलात अस्वल समोर आलं तर त्याने त्याला वाटेतून बाजूला व्हायला सांगितलं होतं, आणि अस्वल झालं होतं. पण सापाचं नाव काढलं की त्याचे ओठ पांढरे पडत. त्यांची भेटच त्यातून झाली. एकोणीसशे पंचाहत्तरचा जून. ओइवा ट्रकमध्ये बसून भाकरी खात होता आणि चढायच्या पायरीवर एक फुरसं येऊन उन्हाला पसरलं. दुसऱ्या बाजूचं दार बिघडलेलं होतं. तो दोन तास आत बसून राहिला आणि अधूनमधून भोंगा वाजवत राहिला. तलावापलीकडून हेल्वीने तो ऐकला आणि सायकल काढली. काम झाल्यावर ती म्हणाली, "उतर आता."

"आणखी असतील," ओइवा म्हणाला.

"असतील," हेल्वी म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

तो उतरला नाही. तिची सायकल तिनेच ओंडक्यांवर चढवली, त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तो तिला घरी सोडून आला. सप्टेंबरात लग्न झालं. गावात म्हणत, ओइवाने लग्न केलं नाही, विमा उतरवला. ओइवाने ते कधी नाकारलं नाही.

आता सरपटणाऱ्या प्राण्यांतले बाकीचे सगळे कायद्याने कधीचेच सुरक्षित होते. सापसुरळीला मारलंस तर दंड होईल, असं हेल्वी लोकांना बजावत असे. फुरसं तेवढं कायद्याबाहेर राहिलं होतं. ते कुणीही, केव्हाही, कितीही मारावं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, हेल्वीलाही नाही. काटेरी गवत उपटावं तसं ते होतं.

दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्याच्या तोंडावर सकाळी रेडिओवर बातमी लागली. फुरशांची संख्या घटत चालली आहे, त्यांना असुरक्षित प्रजातींच्या यादीत घातलेलं आहे, आणि एक जूनपासून त्यांनाही संरक्षण. ओइवा भाकरीला लोणी लावत होता. सुरी मध्येच थांबली.

"म्हणजे आता काय?"

"आता मारायचं नाही."

"मग न मारता काय करायचं?"

"ते सांगितलं नाही," हेल्वी म्हणाली. "हवामानाच्या बातम्या सुरू झाल्या."

एक जूनला तिने फावडं धुतलं, पुसलं आणि बटाट्याच्या वाफ्याकडे नेऊन ठेवलं. कायदा पटला की नाही, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. रस्त्यावर लाल दिवा लागला की आपण थांबतो. तो लाल का, असं विचारत नाही. चार तारखेला आर्वोचा फोन आला. हेल्वी सायकलवरून गेली ती झाकणाची बादली आणि सौनातला लांब चिमटा घेऊन. या बादलीतून ती दरवर्षी जंगलातली लाल बोरं आणायची.

"फावडं कुठे?" आर्वोने विचारलं. तो पाइनच्या बाकावर उभा होता.

"घरी."

"विसरलीस?"

"नाही."

"अगं, मग हे काय? त्याला सहलीला नेतेस की काय?"

"तेच करायचंय," हेल्वी म्हणाली. फुरसं बादलीत गेलं, झाकण लागलं. "कुठे सोडू? तुझ्या त्या मागच्या खडकावर सोडते."

"माझ्या खडकावर? मी तुला ते न्यायला बोलावलं होतं, बाई! या कायदा करणाऱ्यांच्या सौनात नेऊन सोड की!"

"ते दूर पडतं. सायकल आहे."

तिने शहरातल्या पर्यावरण कचेरीत फोन लावला. उन्हाळ्यापुरती कामाला लागलेली एक मुलगी फोनवर आली. नाव पिह्ला. आवाजावरून पंचवीसची असेल.

"जवळच, योग्य जागी सोडा," पिह्ला म्हणाली.

"योग्य कुणाच्या मते?"

"सापाच्या," मुलगी म्हणाली.

हेल्वीला हे उत्तर बरं वाटलं. इतक्या वर्षांत सापाच्या मताचा विषय कुणी काढला नव्हता. तिने विचार केला. दक्षिणेकडे उतार, दगड, फटी, जवळ ओल. गावात अशी जागा एकच होती आणि ती तिच्या स्वतःच्या घरामागे होती. ओइवाच्या बापाने शेत मोकळं करताना काढलेल्या दगडांचा मोठा ढीग, शेवाळलेला, मध्ये जुनिपरची झुडपं. तिने बादली आडवी केली. फुरसं क्षणभर थबकलं आणि सरळ एका फटीत शिरलं, जसं कुणी स्वतःच्या घरात किल्ली न शोधता जावं.

ओइवाला तिने हे सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. जूनअखेर तिसऱ्या फेरीला त्याने विचारलं.

"बादलीत काय आहे?"

"आर्वोकडचा पाहुणा."

"कुठे चाललाय?"

"मागे."

ओइवा उठला, घरात गेला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला जाऊन गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घेऊन आला. पहिला बर्फ पडेपर्यंत ते त्याच्या पायात होते. चुलतभावाच्या अंत्यविधीला त्याने ते चर्चच्या दारापर्यंत घातले आणि आत जाताना बदलले. बायकोला मात्र एका शब्दाने बोलला नाही. हेल्वीने एकदा विचारलं, "राग आलाय का?"

"नाही."

"भीती वाटते?"

"ती आधीपासून वाटते," ओइवा म्हणाला. "आता फक्त पत्ता कळला."

जुलैत पिह्ला स्वतःच आली. तिने सांगितलं की आतापर्यंत कचेरीत फुरशाबद्दल पुष्कळ फोन आले, पण 'योग्य कुणाच्या मते' असं विचारणारा हा एकच होता. बारीक चणीची पोरगी, पाठीवर कॅमेरा. ढिगाशेजारी ती पोटावर पडून राही, तास तास. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे फुरशाच्या डोक्यावरचे खवले प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून ती त्यांना ओळखत होती. हेल्वीने तिला माशाचं सूप खाऊ घातलं. जेवताना पिह्ला बोलत राहिली. एकाच ढिगात वर्षानुवर्षं तीच फुरशी हिवाळा काढतात. लांब नेऊन सोडलं तर थंडीआधी घर सापडत नाही, आणि मरतात. मादी दरवर्षी वीत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा. वीस वर्षं जगते, कधी जास्तही.

"त्या जाड्या असतात ना," हेल्वीने विचारलं, "जुलै-ऑगस्टात पायरीवर पडून राहणाऱ्या? पाय आपटला तरी हलत नाहीत त्या?"

"गाभण माद्या. पोटातल्या पिलांना ऊब हवी म्हणून उन्हात पडून असतात. हालचाल फार करत नाहीत."

हेल्वीने चमचा खाली ठेवला. उठून शेगडीकडे गेली आणि कॉफीचं भांडं ठेवलं, जरी कॉफी झालेली होती. पाठमोरीच उभी राहिली. त्या जाड्या सोप्या असत. नवख्यालासुद्धा जमावं. बापाने तिला हात बसावा म्हणून पहिल्यांदा जी दाखवली ती तसलीच होती. पिह्ला काही बोलायला गेली, पण ओइवाने तिच्याकडे पाहून मान हलवली आणि सूपचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

"आणखी घे," तो म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे सर्वात लांब भाषण.

दुसऱ्या दिवशी हेल्वी गावातल्या एकेका घरी गेली. बोलावल्याशिवाय ती कुणाकडे जात नसे, म्हणून लोक घाबरले. कोण वारलं, असंच आधी विचारलं गेलं. तिने एवढंच सांगितलं की ऑगस्टात जाडी फुरशी पायरीवर दिसली तर हात लावू नका, फावडं लावू नका, मला कळवा. मी वीस मिनिटांत येते. आर्वो म्हणाला, "आधी खाटीक होतीस, आता सुईण झालीस." हेल्वी म्हणाली, "हो."

पुढच्या वर्षी ऑगस्टात हेल्वीला फुरसं चावलं. आर्वोच्याच लाकडांच्या थप्पीत. मोठं तिने व्यवस्थित चिमट्याने उचललं होतं; त्याच्या बाजूला नुकतं जन्मलेलं एक होतं, ते तिने वाळकी काटकी समजून उजव्या हाताने बाजूला केलं. ते अंगठ्याला चावलं.

"मोठं होतं?" आर्वोने विचारलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पेन्सिलीएवढं," हेल्वी म्हणाली. "ओइवाला फोन कर. आणि त्या पिलाला पाय देऊ नकोस, तुझ्या डाव्या बुटाजवळ आहे."

आर्वो परत बाकावर चढला आणि तिथून त्याने फोन केला. ओइवा सात मिनिटांत आला. हेल्वीचा हात तोवर मनगटापर्यंत सुजला होता. ओइवाने सदऱ्याच्या खिशातून औषधाच्या दुकानातली, फुरसं चावल्यावर घ्यायच्या गोळ्यांची डबी काढली. लग्नाच्या आधीपासून ती त्याच्या खिशात असे. मुदत संपली की नवी घेई. इस्पितळ नव्वद किलोमीटर. वाटेत तो तिच्याकडे दर मिनिटाला बघत होता.

"रस्त्याकडे बघ," हेल्वी म्हणाली.

"बघतोय."

"रस्ता माझ्या तोंडावर नाही."

इस्पितळात डॉक्टरीण म्हणाली की या गोळ्यांनी खरं तर फारसं काही होत नाही. ओइवाने थोडा वेळ विचार केला. "मला उपयोग झाला," तो म्हणाला. हेल्वीला प्रतिविष दिलं, हात कोपरापर्यंत काळानिळा झाला, आणि तिला चार दिवस ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर तिचा फोन वाजला. एल्मा होती, एक्क्याण्णव वर्षांची, गावाच्या टोकाला एकटी राहणारी. तिच्या अंगणातल्या पालापाचोळ्याच्या खताच्या पेटीत साप होता. मोठा.

"आधी श्वास घे," हेल्वी म्हणाली.

"मी घेतेच आहे. या वयात तेवढंच काम असतं," एल्मा म्हणाली. "तू येतेस की मी आर्वोला बोलावू?"

हेल्वीने ओइवाला फोन लावला. "एल्माकडे जा. बादली दाराशी आहे."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"आर्वोला सांग," तो म्हणाला.

"आर्वो फावडं घेऊन जाईल."

पलीकडे दाराचा आवाज आला.

पुढचं गावाला एल्माकडून कळलं, कारण ती व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली होती. ओइवा आला तो रबरी बूट, हरणांच्या शिकारीचं केशरी जाकीट, वेल्डिंगचे हातमोजे आणि तोंडावर मधमाशीवाल्याची जाळी घालून. एल्माने त्याला कोण आहे ते विचारलं. मग तो पेटीपासून सहा पावलांवर उभा राहिला. बराच वेळ. एल्माची एक डुलकी झाली. ती जागी झाली तेव्हा तो चार पावलांवर होता.

त्याने चिमटा पुढे केला आणि खताचा थर उकरला. साप मीटरभर लांब होता, कुठल्याही फुरशापेक्षा मोठा. त्याने एकदा फूत्कार टाकला, अंग वळवलं, उलटा झाला, तोंड उघडलं, जीभ बाहेर लोंबली आणि तो निपचित पडला.

ओइवाने हेल्वीला फोन लावला. "मेला," तो म्हणाला.

"कसा?"

"मी आलो आणि मेला."

"तू काय केलंस?"

"काही नाही. बघितलं. हेल्वी, हा संरक्षित आहे. मला आता पोलिसात कळवावं लागेल ना?"

"पोट वर आहे?"

"हो."

"जीभ बाहेर?"

"हो."

"वास?"

"भयंकर. बहुतेक तो सापाचाच आहे."

"मानेमागे पिवळे ठिपके आहेत का ते बघ."

"मान बघायला मला वाकावं लागेल."

"मग वाक."

एल्माच्या म्हणण्याप्रमाणे वाकायला त्याला बाकीच्या आयुष्यात लागला नसेल एवढा वेळ लागला. "आहेत," तो शेवटी म्हणाला. "दोन. पिवळे."

"दिवड आहे. विष नाही. नाटक करतोय तो, मेल्याचं. पाच पावलं मागे जा आणि गप्प उभा राहा."

तो मागे गेला. तीन-चार मिनिटांनी सापाने एक डोळा, म्हणजे डोकं, हळूच वळवलं. आसपास पाहिलं. जीभ आत घेतली, सुलटा झाला.

"उठला," ओइवा फोनमध्ये कुजबुजला. मग जरा थांबून म्हणाला, "हेल्वी, हा मला घाबरला होता."

"हो."

"मला."

"हो, ओइवा."

एल्माने त्याला हाक मारून विचारलं की नेतोस ना आता? ओइवाने जाळी वर केली. "त्याची अंडी आहेत खतात," तो म्हणाला. "पांढरी, द्राक्षांसारखी. हेल्वी म्हणते खत ऊबदार असतं म्हणून तिथे घालतात. मला वाटतं, इथे राहू दे."

"आणि माझं खत?"

"मी आणून देतो दुसरं."

त्याने सप्टेंबरअखेर हातगाडीने सात फेऱ्या खत आणून दिलं. पिह्लाला बातमी कळली तेव्हा ती फोनवरच ओरडली. इतक्या उत्तरेला दिवडाने अंडी घातल्याच्या नोंदी त्या भागात फार थोड्या होत्या. हेल्वी तिला म्हणाली, "आधी श्वास घे."

हेल्वी घरी आली ती अंगठा वाकत नाही अशा अवस्थेत. तो आजही नीट वाकत नाही. राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत भाताचं सारण भरून कडेला चुण्या घालतात, त्या तिला आता जमत नाहीत. त्या ओइवा घालतो. दिसायला वाईट होतात. गावात काहींनी म्हटलं, एवढी वर्षं मारली तेव्हा एक चावलं नाही, वाचवायला गेली तर चावलं. हेल्वीला हे कुणीतरी तोंडावरच सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा मी लांब दांड्याने काम करत होते."

सगळं गाव काही बदललं नाही. रस्त्याच्या कडेला चिरडलेलं फुरसं अजून दिसतं, आणि प्रत्येक वेळी ते चुकून चिरडलेलं नसतं. आर्वो अजून बाकावर चढतो. पण फोन करतो, आणि हेल्वी येईपर्यंत सापावर नजर ठेवतो, आणि एकदा म्हणाला की ही मागच्या वर्षीचीच बाई आहे, हिच्या डोक्यावरचा डाग बघ. पिह्लाने फोटोशी ताडून पाहिलं. तीच होती.

गेल्या एप्रिलमध्ये उतारावरचा बर्फ वितळला तेव्हा पिह्ला मोजणीला आली. आधी नर बाहेर येतात, मग माद्या. दहा दिवसांत तिने ओळखीच्या चौदा माद्यांपैकी अकरा टिपल्या.

"आणि तीन?" हेल्वीने विचारलं.

"कळायला मार्ग नाही. थंडी, घुबड, रस्ता, कुणाचं फावडं. काहीही."

"अकरा म्हणजे चांगलं की वाईट?"

"आमच्या धंद्यात, फार कमी झाल्या नाहीत म्हणजे चांगलं."

हेल्वीने त्या तिघींचे फोटो मागून घेतले. तिने ते काही भिंतीवर लावले नाहीत; स्वयंपाकघराच्या खणात पाककृतींच्या वहीत ठेवले. अधूनमधून काढून बघते.

मोजणीच्या शेवटच्या दिवशी ओइवा कॉफीचा थर्मास घेऊन उतारावरून खाली आला. याआधी तो घराच्या कोपऱ्यापर्यंतच येत असे. आज तो बर्चच्या झाडापर्यंत आला, ढिगापासून वीस पावलांवर, आणि तिथे थांबला. हेल्वी चढून त्याच्याकडे गेली. दोघं उभ्याउभ्या कॉफी प्याली. खाली दगडांवर ऊन होतं आणि त्या उन्हात काहीतरी होतं. ओइवाने ते एकदा पाहिलं, मग तलावाकडे पाहत राहिला.

"पुढच्या वर्षी त्या जुनिपरपर्यंत येईन म्हणतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"काही नाही. तू वर चढून येईपर्यंत कॉफी गार होते."